टाच उचलते लवकर, भार पडतो चवड्यावर

एक वाचक लिहितात: वय ५८, मधुमेहाला चौदा वर्षं झाली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला घट्टा येतो. मेडिकलमधून कॉर्नपट्टी आणून लावतो. घट्टा गळून जातो, महिन्याभरात पुन्हा येतो. दुखत मात्र अजिबात नाही.

‘दुखत नाही’ हेच मला खटकलं. कॉर्नपट्टी आधी टाकून द्या. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं आणि मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला ते कळत नाही.

आता घट्टा तिथेच का येतो ते पाहू. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कोलॅजेनला, म्हणजे कंडरा-कातडीतल्या प्रथिनाला, चिकटत राहते. त्यामुळे टाचेमागची कंडरा आणि तळव्याची पट्टी जाड, ताठ होते. पाऊल टाकल्यावर नडगी पुढे झुकायला हवी, पण घोटा वाकत नाही. मग टाच वेळेआधी उचलली जाते आणि चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. त्यात पावलातले बारीक स्नायू कमजोर होऊन बोटं आखडतात, हाडांखालची चरबीची गादी पुढे सरकते. हाड आणि जमीन यांच्यामध्ये उरते नुसती कातडी. ती बिचारी स्वतःला वाचवायला जाड होते आणि तोच घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा टोचतो. जखम त्याच्या आत, न दिसता सुरू होते. जाणकाराकडून घट्टा तासून घेतला तर तिथला दाब साधारण पाव हिश्शानं उतरतो. घरी ब्लेड लावू नका. चपलेत मऊ इनसोल नसेल तर घट्टा पुन्हा येणारच.

घरच्या घरी एक पाहा: नमस्कारासारखे हात जोडा. बोटांमध्ये फट राहिली तर सांधे ताठरलेत, पायाचेही तसेच असण्याची शक्यता मोठी.

सासूबाईंचा डावा पाय अचानक सुजलाय, लाल आणि गरम आहे. दुखणं फारसं नाही. मुरगळला असेल, मालिश करू का?

मालिश नको, चालणंही बंद करा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी तर नाही ना, हेही तेच तपासतील. त्यांना मधुमेह असेल तर मला शंका ‘शार्को पाया’ची आहे, म्हणजे बधिर पायातली हाडं आणि सांधे नकळत मोडत जाण्याची. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली असे सांधे वर्णिले ते सिफिलिसच्या रुग्णांत. आज याचं मुख्य कारण मधुमेह आहे. दुखत नाही म्हणून माणूस मोडत्या हाडावर चालत राहतो, कमान खचते आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. दुसऱ्या पायापेक्षा हा पाय २ अंश सेल्सिअसनं गरम असेल तर संशय बळावतो. प्लास्टर काही महिने लागतं. कंटाळवाणं आहे खरं, पण कमान एकदा खचली की परत येत नाही.

अनवाणी वारीचा नवस आहे. वय ६२, शुगर आटोक्यात आहे.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, तेही तापल्या डांबरावरून. शुगर आज आटोक्यात असली तरी गेलेली संवेदना सहसा परतत नाही. आधी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं, म्हणजे स्पर्श कळतो का हे पाहायच्या नायलॉनच्या तंतूनं, तळवे तपासून घ्या. स्पर्श कळत नसेल तर मायक्रोसेल्युलर (बारीक छिद्रांच्या, मऊ) रबराची चप्पल घाला. विठोबा रागावणार नाही, मी तरी रागावेन.

व्यायामानं घोटा मोकळा होतो का?

थोडाफार. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटरी ३० सेकंद ताणा, तीनदा. तळव्याला जखम असेल तर हे करू नका.