बाहेर शांत असतो, घरी मात्र बायकोवर भडकतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात साहेबाचं सगळं मुकाट ऐकून घेता, आणि घरी बायकोने साधं काही विचारलं तरी आवाज चढतो. मग रात्री झोप लागत नाही. मी डॉक्टर नाही. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत, आणि हेच दुखणं मी बरीच वर्षं अंगावर काढलंय.

एका एप्रिलात वाशीहून दलालाचा फोन आला, दर पडला म्हणून. वर अवकाळीचे ढग. त्याला मी अगदी गोड आवाजात "बरं, बघा कसं जमतं ते" म्हटलं. आणि मांगरात येऊन बघतो तर पेटीत दोन आंबे बिनदेठाचे. देठ तुटला की चीक ओघळतो, सालीवर डाग पडतो, हे खरंच. पण गड्यांसमोर बायकोला जे बोललो ते काही त्या दोन आंब्यांपायी नव्हतं. मुलगी सहा वर्षांची. ती गप्प पेंढ्यात बसली आणि एकेक आंबा उचलून देठ आहे का बघायला लागली. रात्री आई एवढंच म्हणाली, "चेडू तुका भियाता रे."

तोवर माझा उपाय म्हणजे मागीलदारी जाऊन लाकडं फोडणं. राग बाहेर काढावा म्हणतात ना! मी घामाघूम होऊन परत यायचो तो आणखी तापून, चार नवे मुद्दे घेऊन. पुढे वाचलं, 2024 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 154 अभ्यास एकत्र तपासले. अंग तापवणाऱ्या गोष्टींनी, पळण्यानेसुद्धा, राग उतरत नाही; सावकाश श्वास घेतल्याने, अंग सैल सोडल्याने उतरतो. म्हणजे कुऱ्हाडीचा काही उपयोग नव्हता. लाकडं तेवढी फुटली.

आता मी विहिरीवर जातो. माझे आधी कान गरम होतात, तुमचं काय होतं ते बघून ठेवा. जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ सांगतात, भांडणात ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. पण न सांगता उठून जाऊ नका. मी आधी तसाच जायचो आणि दोन-दोन दिवस अबोला धरायचो. बायको म्हणते, त्यापेक्षा ओरडणं परवडलं. "विहिरीवर जातोय, अर्ध्या तासात येतो" एवढं बोलायचं, आणि यायचं. हे यायचंच अवघड असतं.

माफी मागायची तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर. मला गड्यांसमोर मागायला तीन दिवस लागले.

हात उचलला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, तर विहिरीने भागायचं नाही. टेली-मानस म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीची सरकारी फोनसेवा; तिचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मी सुधारलो वगैरे नाही. या हंगामातही दोनदा तोंड सुटलं. तिसऱ्यांदा माझे कान तापायच्या आतच बायको म्हणाली, "जावा, कळशी पण घेऊन जावा."