एंडॉर्स करणं म्हणजे अनुमोदन की पाठिंबा?

प्रश्न असा आलाय की 'लिझ चेनींनी कमला हॅरिसना एंडॉर्स केलं' (चेनी रिपब्लिकन नेत्या, हॅरिस 2024 मधल्या डेमोक्रॅट अध्यक्षपदाच्या उमेदवार) हे मराठीत कसं लिहायचं, 'अनुमोदन दिलं' चालेल का, आणि विरोधी पक्षाच्या उमेदवाराला असं एंडॉर्स करण्याला काही वेगळा शब्द आहे का.

अनुमोदन नको. निवडणुकीत त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे, अर्जावर सूचक असतात आणि अनुमोदक असतात, आपल्या राष्ट्रपतिपदाच्या अर्जाला तर 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, त्यामुळे 'चेनींनी अनुमोदन दिलं' वाचलं की त्यांनी हॅरिसच्या अर्जावर सही केली असं वाटणार. 'समर्थन दिलं' मलाही खटकतं. समर्थक हा शब्द रुळलाय हे मान्य, पण मराठीत समर्थन करतात ते वागण्याचं, मताचं, 'त्याच्या वागण्याचं समर्थन करता येणार नाही' असं आपण सहज म्हणतो, माणसाला समर्थन देणं ही हिंदी बातम्यांतून आलेली लकब आहे.

सरळ 'जाहीर पाठिंबा' लिहा. यातला 'जाहीर' महत्त्वाचा, कारण गुपचूप दुसरीकडे मत टाकलं तर ते क्रॉस व्होटिंग, आणि एंडॉर्समेंटचं सगळं वजन उघडपणे सांगण्यात असतं. 2008 मध्ये कॉलिन पॉवेल, स्वतः रिपब्लिकन आणि बुश यांचे माजी परराष्ट्रमंत्री, टीव्हीवर बसून ओबामांना पाठिंबा देतात तेव्हा ती बातमी होते. चेनी तर ऑक्टोबर 2024 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावी हॅरिससोबत एकाच स्टेजवर होत्या, आणि रिपन म्हणजे 1854 मध्ये रिपब्लिकन पक्षाची सुरुवात जिथे झाली असं मानतात ते गाव! तिथे नुसता पाठिंबा लिहून भागत नाही, 'हॅरिससाठी प्रचारात उतरल्या' असं लिहायला हवं.

वेगळ्या शब्दाचं म्हणाल तर पक्षांतर चुकीचं, कारण चेनींनी हॅरिसना पाठिंबा दिला तो रिपब्लिकन राहूनच. बंडखोरीही नको, आपल्याकडे बंडखोर म्हणजे तिकीट कापलं म्हणून स्वतः अर्ज भरणारा. आपल्याकडेही राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हे घडलंय, 2007 मध्ये शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली आणि 2022 मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असून द्रौपदी मुर्मूंच्या बाजूने गेले, दोन्ही वेळा 'पाठिंबा' एवढा एकच शब्द पुरला.

मात्र नावाआधी पक्ष लिहायला विसरू नका. झेल मिलर हे जॉर्जियाचे डेमोक्रॅट सिनेटर, 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्लिंटनसाठी बोलले आणि 2004 मध्ये त्याच सभागृहात रिपब्लिकन अधिवेशनात बुशसाठी. 'मिलर यांचा बुशना पाठिंबा' एवढंच लिहिलं तर त्यात काय विशेष, हे कुणालाच कळणार नाही, 'डेमोक्रॅट मिलर यांचा बुशना जाहीर पाठिंबा' लिहिलं की लगेच कळतं.