लॅपटॉप घेताना दुकानाशी जोडलेले कोणते क्रेडिट कार्ड फायद्याचे ठरते?

फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिस, ॲमेझॉन पे आयसीआयसीआय आणि टाटा न्यू इन्फिनिटी या तिन्ही कार्डांच्या जाहिरातीत ५ टक्के परतावा दिसत असला, तरी तो परतावा कोणत्या रूपात मिळतो हे आधी पाहावे. फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिस कार्डाचा कॅशबॅक थेट कार्डाच्या बिलातून वजा होतो, ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाचा परतावा ॲमेझॉन पे शिलकीत जमा होतो (प्राइम सदस्यत्व नसल्यास ३ टक्केच), तर टाटा न्यू इन्फिनिटी कार्डावर क्रोमामधील खरेदीसाठी न्यूकॉइन्स (टाटांचे बक्षीस गुण) मिळतात, जे टाटांच्याच दुकानांत व सेवांत वापरावे लागतात. ६०,००० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ३,००० रुपये. मात्र हप्त्यांवर घेतल्यास हा परतावा बहुधा मिळत नाही किंवा घटतो, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते. त्या दिवशीची बँकेची तात्काळ सवलत याहून मोठी असेल, तर तीच घ्यावी.