शाळेतल्या खिचडीने मुलांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का?

मुलगी पहिलीत गेली, तिला घरचा डबा द्यावा की शाळेतली खिचडी खाऊ द्यावी, असं तुम्ही विचारलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत २१ वर्षं शिकवतेय, म्हणून सांगते: शाळेत जेवू द्या. सोबत द्यायचंच तर एखादं फळ द्या, बिस्किटाचा पुडा नको.

आमच्याकडे कितीतरी मुलं सकाळी नुसत्या चहावर येतात, कारण आईवडील उजाडायच्या आत मजुरीला गेलेले असतात. अकरा वाजले की ती बाकावर डोकं टेकतात. जेवण झालं की तीच मुलं पाढे ओरडून म्हणतात. हा फरक मी रोज बघते.

नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं आणि ४५० कॅलरी, दिवसाच्या कॅलरींच्या गरजेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा. पण भाजी महागली की पहिली काट तिच्यावरच बसते. नुसत्या पिवळ्या भाताने पोट भरतं, रक्त वाढत नाही. म्हणून आम्ही शाळेमागे परसबाग केली. शेवग्याचा पाला आमटीत घालतो. चौथीतली एक मुलगी तो बोटाने वेचून ताटलीच्या कडेला लावायची. एकदा पाला तिलाच खुडायला लावला, त्या दिवशी ताटली चाटूनपुसून साफ. मटकीच्या उसळीवर लिंबूही पिळतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं.

२०२३ च्या शेवटी राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला, याचं मला फार वाईट वाटतं. कित्येक मुलांना तेवढंच अंडं मिळत होतं.

शाळेतल्या जेवणाचा फायदा पुढच्या पिढीपर्यंतही पोचतो. शाळेत असं जेवण मिळालेल्या मुली आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने जास्त चांगली दिसली, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका अभ्यासात आढळलं.

तुम्ही एक करा. एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत जा, पातेल्यात डोकवा, घासभर खाऊन बघा. डाळ-भाजी दिसली नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. त्या समितीत बहुसंख्य पालकच असतात.