दुसऱ्या वर्षीचा २१ ऑक्टोबर

"अक्का, आमचे मालक पोलीस हवालदार होते. दीड वर्षाखाली गोदाकाठी वाळूचा ट्रॅक्टर अडवताना गेले. मागच्या २१ ऑक्टोबरला मुख्यालयाच्या परेडमध्ये त्यांचं नाव वाचलं. यंदा वाचणार नाहीत म्हणे. मग जाऊन काय करू? गावकरी स्मारक करू म्हणतात, दिराला पुतळाच हवा. वर्दी ट्रंकेत पडून आहे, उघडायचा धीर होत नाही. मुलगा सात वर्षांचा आहे." – गंगाखेड तालुका, जि. परभणी

ताई,

आधी नावाचं सांगते. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखच्या हॉट स्प्रिंग्स भागात चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस धारातीर्थी पडले, त्यांच्यासाठी हा दिवस पाळतात. त्या दिवशीच्या यादीत आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कामी आलेल्यांची नावं असतात. दरवर्षी यादी नवी. तुमच्या मालकांना कुणी वगळलेलं नाही, त्यांच्या वर्षाची यादी वाचून झाली आहे. तरी जीव तुटतोच. पहिल्या वर्षी दारात गाड्या असतात, फोन वाजत असतो. दुसऱ्या वर्षी घर एकटं पडतं, म्हणून तेच जास्त जड जातं.

जा. फक्त सप्टेंबरातच मुख्यालयाच्या कल्याण शाखेत गावाकडचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर देऊन या. क्वार्टर सोडलेल्यांचं निमंत्रण जुन्या पत्त्यावर जातं, आणि घरच्यांना वाटतं बोलावलंच नाही. मुलाला आदल्या रात्री काय काय होतं ते समजावून सांगा: शोकशस्त्र म्हणजे बंदुकीची नळी जमिनीकडे आणि माना खाली, बिगुल, हवेत फैरी. न सांगता फैर झडली तर लेकरू बिचकतं. यंदाच्या यादीत आपल्या जिल्ह्यातलं घर असेल, तर त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा. तिला तुमच्याइतकं कुणी ओळखणार नाही.

वर्दी मात्र याच आठवड्यात काढा. कडक इस्त्रीसाठी घातलेली खळ हे कसरीचं खाद्य आहे, ती कापड चाळणीसारखं करते. गार पाण्यात दोन-तीनदा भिजवून खळ काढा, सावलीत खडखडीत वाळवा, पुन्हा इस्त्री करू नका. त्यांचा वास राहू द्यायचा असेल तर एक शर्ट न धुता वेगळा ठेवा, पण तो दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावा लागेल. बक्कल, शिट्टी, नेमप्लेट, पितळी बटणं आधी सोडवून घ्या. पितळ दमट कापडाला किंवा चामड्याला लागून राहिलं की हिरवा थर धरतं, आणि तो डाग खाकीवरून निघत नाही. पट्टा वेगळा, गुंडाळी न करता सरळ ठेवा. वर्दी धुतलेल्या मांजरपाटात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात ओल कोंडते. घडीच्या जागी सुती कापडाची वळकटी घाला, नाहीतर कापड त्याच रेषेवर विरतं. पत्र्याच्या घरात ट्रंक भिंतीपासून दूर, विटांवर ठेवा.

पार्थिवावरचा तिरंगा तुमच्याकडे असेल, तर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, अशोकचक्र वर दिसेल अशी घडी करा. स्मारकाच्या अनावरणाला तो शिळेवर झाकण म्हणून घालू द्यायचा नाही. ध्वजसंहितेत ते चालत नाही. झाकायला साधं कापड घ्या, झेंडा शेजारी फडकू द्या.

आता स्मारक. दिराला पुतळ्याचा हट्ट सोडायला सांगा. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि स्वस्तातल्या पुतळ्याचा चेहरा जुळत नाही. लेकराला परक्या माणसापुढे हात जोडायला लावल्यासारखं होतं. त्यापेक्षा नाव कोरलेली शिळा उभी करा. तिला आपल्याकडचा काळा पाषाणच घ्या, संगमरवरात तेल आणि हळदकुंकू मुरतं. जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. रस्त्याच्या कडेला नको, रुंदीकरणात पहिलं तेच जातं.

सगळ्यात मोठी चूक चौथऱ्याचा पाया घालताना होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट बांधलेला चौथरा लवकरच कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, काळी माती सगळी उपसा, मग मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोका, आणि त्यावर काँक्रीट करा. पाणी बाहेर जाईल असा चहूकडे उतार द्या. दिव्यासाठी शिळेपासून हातभर लांब दिवळी करा, नाहीतर काजळी अक्षरांत बसते.

घरचं श्राद्ध तिथीने करा. शिळेवर तारीख घाला, म्हणजे गावाला दिवस शोधावा लागणार नाही. नाव सेवापुस्तकात आहे तसंच, मग हुद्दा, जन्म, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण, एवढंच. अनावरण कुणाच्या हस्ते झालं हे त्या दगडावर येऊ देऊ नका, हवं तर चौथऱ्याच्या बाजूला लहान फरशी लावू द्या. अक्षरं रंगवून नको, आपल्या उन्हात रंग उडतो, कोरूनच घ्या. पाथरवटाला छिन्नी लावण्याआधी खडूने अक्षरं आखायला सांगा. त्या दिवशी मुलाला घेऊन जा आणि त्याला मोठ्याने वाचू द्या. त्या वयाचं पोर एकेक अक्षर जुळवून वाचतं, त्यामुळे सुटलेला अनुस्वार किंवा रफार मोठ्यांआधी त्यालाच दिसेल. खडू ओल्या फडक्याने पुसता येतो.