पहिल्या कादंबरीआधी लेखक म्हणून काय ठरवावं

मलपृष्ठावरचा परिचय ४०-५० शब्दांत, तृतीयपुरुषी लिहा: गाव, पोटापाण्याचं काम, आधीचं लेखन. ‘संवेदनशील’, ‘प्रतिभावान’ ही विशेषणं वाचकानं लावायची असतात. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. तिथे तो दाबला जातो आणि छपाईत फुटतो. मूळ फाइल ईमेलनं द्या. आद्याक्षरं की पूर्ण नाव, ते एकदाच ठरवा. मुखपृष्ठ, फेसबुक, दिवाळी अंक, सगळीकडे तेच हवं.

‘ही तुमचीच गोष्ट का?’ हे मुलाखतीत विचारतातच. उत्तर आधी ठरवा, कारण ‘हो’ म्हटलंत की घरचे प्रत्येक पात्रात स्वतःला शोधतात. चेहराच दाखवायचा नसेल तर पहिल्या पुस्तकापासून ठरवावं लागतं. इटालियन कादंबरीकार एलेना फेरांते यांनी १९९२च्या पहिल्या कादंबरीपासून टोपणनाव घेतलं, मुलाखतीही बहुतेक लेखीच दिल्या.