दत्तक आहे, माझ्यासारखे कुठे भेटतील?

प्रश्न : वय २४. लहानपणीच दत्तक आले. आईबाबांशी नातं छान आहे, पण मनातलं बोलायला माझ्यासारखं कुणी नाही. जन्माची माहितीही हवी आहे. आईबाबा दुखावतील का?

उत्तर : दोन्ही गरजा अगदी रास्त आहेत. आधी माणसं जोडा, मग कागद शोधा. हाती आलेली माहिती एकटीने पचवणं जड जातं.

ज्या संस्थेतून दत्तक आलात तिथल्या समाजसेविकेला पत्र लिहा: ‘मोठ्या झालेल्या दत्तक मुलांशी ओळख करून द्याल का?’ दत्तक पालकांचे मेळावे वेगळे. तिथे तुमचे प्रश्न मागे पडतात. मन फार अस्वस्थ झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे.

मूळ शोधासाठी, म्हणजे जन्माची माहिती मिळवण्यासाठी, २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः ‘कारा’कडे (दत्तक विषयाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) अर्ज करू शकते. पालकांची सही लागत नाही. दत्तक आदेशाची प्रत काढून ठेवा. त्यावरचं संस्थेतलं जुनं नाव नक्की टिपून घ्या, कारण नोंदी बऱ्याचदा त्याच नावाने असतात आणि शोध तिथेच अडतो. संस्था बंद पडली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांच्या संमतीविना ती मिळत नाही. टाकून दिलेल्या बाळाबाबत ते संस्थेत कुठून, कोणत्या परिस्थितीत आलं आणि दत्तक प्रक्रिया कशी झाली, हे कळू शकतं. दलालाला पैसे देऊ नका. त्रयस्थामार्फत शोधाला परवानगीच नाही.

अर्ज करण्यापूर्वी आईबाबांना सांगा. बाहेरून कळलं तर ते जास्त दुखावतील.